अकरा एकांचा आकडा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. वडीगोद्री

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची. जानेवारीत माझ्या नवऱ्याच्या, सोहेबच्या टायरच्या दुकानात फुकट आल्ती, तव्हापासून कोरी पडलेली. दहा महिन्यांची पानं वाया गेल्यावर मला लिहायची हौस आली. माझं सगळं असंच, उशिरा.

कारण असं की आज बबलूनं मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात ओढलं. 'दहावी ९४, जाफराबाद'. बबलू वर्गाचा मॉनिटर होता, अजून मॉनिटरच आहे. कोण येणार, कोण न्हाई, हात वर करा, असं चाललंय. अठ्ठावीस डिसेंबरला रविवारी शाळेत मेळावा आणि जंजाळ सरांचा सत्कार. दुपारपर्यंत फुलांचे फोटो बघून डोकं उठलं, निघून जावं म्हणून बोट ठेवलं होतं, तेवढ्यात यादीत खाली नाव दिसलं. ज्योत्स्ना. चेहरा न्हाई, कुठल्यातरी डोंगराचा फोटो.

मी काही तिला बोलायला जाणार न्हाई. पण सरांचा सत्कार आहे म्हटल्यावर आठवलं, सरांनी दिलेलं काम अजून झालेलं न्हाई. रिकाम्या हातानं जायचं बरं दिसत न्हाई.

६ नोव्हेंबर

काम काय ते लिहून ठेवते, न्हाईतर गजाला म्हणंल अम्मीला वेड लागलं.

नववीत जंजाळ सरांनी फळ्यावर नुसते एक लिहिले. दोन एक, अकरा, ही मूळ संख्या, तिला कुणाचा भाग जात न्हाई. तीन एक, एकशे अकरा, तीननं जातो. चार एक, अकरानं जातो. पाच एक, एक्केचाळीसनं. सहा एकांचे दोन-दोनचे गट पडतात, म्हणून अकरानं, तीन-तीनचे पडतात, म्हणून एकशे अकरानं. असं करत करत सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा एक लिहिले. ११,१११,१११,१११. वाचायला लावलं. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. पोरं हसली. सर म्हणले, अकरा एकांचे सारखे गट पडतच न्हाईत. मंग हा आकडा फुटतो का न्हाई, कुणी सांगतं का मला?

कुणी म्हंजे आम्ही दोघी. मी आणि ज्योत्स्ना.

सरांनी मूळ संख्यांची यादी दिली. एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत प्रत्येकीनं भागून बघायचं, एकीनंही भाग गेला न्हाई तर आकडा मूळ. त्याच्या पुढं बघायची गरज न्हाई. म्हंजे दहा हजारांच्या आसपास भागाकार. आम्ही वाटून घेतलं. ज्या संख्यांच्या शेवटी एक न्हाईतर सात, त्या माझ्या. तीन न्हाईतर नऊ, त्या तिच्या. भागाकार पाटीवर, वहीत फक्त बाकी. कागद महाग म्हणून न्हाई, पण पाटी पुसली की हात मोकळा वाटायचा.

दीड-पावणेदोन वर्षांत आम्ही तेवीस हजारापर्यंत आलो. मंग ज्योत्स्नानं सोडून दिलं. ते राह्यलं ते राह्यलं.

७ नोव्हेंबर

पत्र्याच्या पेटीतून दोन्ही वह्या काढल्या. ज्योत्स्नाच्या लग्नाआधी तिची आई, नंदाबाई, स्वतः येऊन तिची वही माझ्या घरी देऊन गेल्ती. तिच्या वहीला ब्राऊन कव्हर, रोजची तारीख, अक्षर मोत्यासारखं. माझ्या वहीवर तेलाचे डाग आणि जागोजाग लाल पेन. ते लाल पेन तिचं. माझे भागाकार ती तपासायची. तिचे मी कधी तपासले न्हाईत, ती चुकायची न्हाई.

तेवीस हजार तीन. पहिलीच तिच्या वाट्याची. आता तिची पण मीच करणार. बाकी १८०२७.

१५ नोव्हेंबर

रोज बारा करायचे ठरवलेत, म्हंजे मेळाव्यापर्यंत तीस हजाराला पोचते. सगळं होणार न्हाई, पण सरांना दिसंल की मी सोडलेलं न्हाई. आणि जिनं सोडलं तिलाही दिसंल.

सोहेब म्हणतो, "ब्लाऊज पडेल हैं और तू पाटी लेके बैठी." सुताराची बायको कालपासून दोनदा येऊन गेली ब्लाऊजसाठी, हे खरं आहे. तिला सांगितलं, बाह्या बसंनात. भागाकार बसंना हे कसं सांगू.

हात मात्र विसरला न्हाई. बसलं की दुपार तशीच होते. त्यांची ओसरी, नंदाबाईचं ज्वारी निवडणं, आणि ज्योत्स्ना ओठ हलवत पाढा म्हणायची तो आवाज. एकतीस वर्षं मला तो आवाज आठवला नव्हता, पाटी घेतली आणि आला.

१९ नोव्हेंबर

ग्रुपात ज्योत्स्नानं पहिल्यांदा लिहिलं. 'मी येतेय. नाशिकहून.' तीन शब्द. मी ते चार वेळा वाचले, काय वाचायचं होतं त्यात देव जाणे.

मला तिचा राग का आहे ते लिहूनच टाकते. दहावीच्या डिसेंबरात सरांनी मला एकटीला थांबवलं. म्हणले, "महजबीन, तुझे अब्बा तोंडी सांगून ऐकणार न्हाईत. हा आकडा पुरा करून आण. तो हातात घेऊन मी स्वतः तुझ्या घरी येतो, नजीरभाईंना म्हणतो, ही पोरगी जालन्याला सायन्सला पाठवा, न्हाईतर गुन्हा होईल." अब्बांचं गाद्या भरायचं दुकान, माझ्यासाठी पाहुणे बघणं सुरू झाल्तं. मला सरांशिवाय कुणाचा आधार नव्हता.

हे मी ज्योत्स्नाला सांगितलं न्हाई. मी जालन्याला गेले असते तर ती जाफराबादेत एकटी पडली असती, ऐकून रडली असती. म्हटलं, झालं की सांगू. आणि नेमकं तेव्हाच तिचे हात गळाले. मी माझा वाटा पटापट उरकायची आणि ती रेंगाळायची. मी म्हणायचे, तुझ्यामुळं अडलंय, आळशी कुठली. ती म्हणायची, घाई काय आहे गं. एप्रिलात तेवीस हजार झाले आणि तिनं पाटी खाली ठेवली. मेमध्ये तिचं लग्न, मी गेले न्हाई. जूनमध्ये सरांची बदली. पुढच्या वर्षी माझं लग्न.

शिवणकाम वाईट न्हाई. पण मी शिवणकाम मागितलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गजाला आलीय जालन्याहून. बीएस्सीचं दुसरं वर्ष. वह्या बघून म्हणली, "अम्मी, हे फोनवर एका सेकंदात होतं." मी म्हणले, माहिती आहे, म्हणूनच फोनला हात लावायचा न्हाई. तिनं ऐकलं न्हाई. माझीच पोरगी.

मी पोळ्या लाटत होते. ती आतून म्हणली, "मूळ न्हाई हा. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस वेळा, बाकी शून्य."

मी म्हणले, शक्य न्हाई. तेवीस हजारापर्यंत आमचं झालंय.

तिनं वर आणखी शहाणपण शिकवलं. अकरा एकांना ज्या मूळ संख्येनं भाग जातो, तिला बावीसनं भागलं की बाकी एकच राहते, असा नियम आहे म्हणे. म्हंजे दहातले नऊ भागाकार आम्ही उगाच केले. मी म्हणले, जेव आता.

२४ नोव्हेंबर

गजाला सकाळच्या बसनं गेली. मंग पाटी घेतली आणि स्वतः करून बघितलं. शेवटच्या ओळीत वर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस, खाली तेच. शून्य. फुटतो आकडा.

शेवटी नऊ, म्हंजे तिच्या वाट्याची. तिची वही उघडली. ९ फेब्रुवारी १९९४. २१६४९, बाकी ७०४२.

चुकली बाई. एकदाच चुकली आणि तीही इथं. फेब्रुवारीत परीक्षा पण झाली नव्हती, सर होते, सगळं होतं. मी तिची वही तपासली असती तर! आज ब्लाऊज न्हाई, स्वयंपाक न्हाई, सोहेबनं हॉटेलातून भजी आणली.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस तिची वही तपासून राह्यले. ९ फेब्रुवारीच्या आधीचे पन्नास घेतले, सगळे बराबर. नंतरचे सगळे घेतले, साठ-सत्तर आहेत, तेपण बिलकुल बराबर. तपासलेल्या सगळ्यात मला एकच चूक सापडली. नशीब म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुठल्याही संख्येला चुकली असती तर काही बिघडत नव्हतं.

१ डिसेंबर

आज बाह्या लावताना एकदम लक्षात आलं आणि सुई बोटात गेली.

तारखा. मी बाक्या तपासल्या, तारखा बघितल्याच न्हाईत. ८ फेब्रुवारीपर्यंत तिच्या वहीत एका तारखेला तीन-तीन, कधी चार भागाकार आहेत. ९ तारखेला एकच. १० ला एक. ११ ला एक. मंग शेवटापर्यंत रोज एक. फक्त एक.

तिला सापडला होता.

त्याच दिवशी सापडला होता, आणि तिनं पाटी पुसून मनानं एक बाकी लिहिली. त्याच्यानंतर दोन महिने, काही उपयोग न्हाई हे माहीत असून, ती रोज एक भागाकार करत राह्यली. आणि तोपण खरा करत राह्यली. मला तिच्या घरी जायची परवानगी फक्त सरांच्या कामासाठी होती. काम झालं की अब्बा म्हणणार, झालं ना, आता घरी बस.

त्याच आठवड्यात रमजान सुरू झाल्ता. मी रोज्यात तिच्या ओसरीवर बसायची, आणि मी असेपर्यंत तीपण पाण्याला शिवायची न्हाई. नंदाबाई ओरडायची. मी तिला आळशी म्हणत होते.

२ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. सगळं गोड वाटतंय वाचताना. गोड न्हाई ते. तिनं माझा पूर्ण रस्ता बंद केला. मला विचारायचं तरी. मीपण तिला सांगायला पाहिजे होतं म्हणा. दोघी एकाच पाटीवर वाकून बसलेल्या आणि दोघींच्या पोटात एक-एक गोष्ट.

रडले. सोहेबनं विचारलं, "क्या हुआ?" म्हणले, सुई लागली.

१४ डिसेंबर

भागाकार बंद आहेत. कशासाठी करू?

ठरवलंय. ज्योत्स्नाला सांगणार, गजालालापण फोनवर तसं कळवलंय. वही समोर ठेवणार, नऊ फेब्रुवारीचं पान काढणार, आणि सर माझ्या घरी येणार होते हे सांगणार. एकतीस वर्षं मी एकटीनं वागवलं, आता थोडं तिनं वागवावं. काय बोलायचं ते पाठ केलंय. भांडी घासताना म्हणून बघते, दर वेळी शेवटचं वाक्य चुकतं.

दिसायला कशी झाली असंल? वेणी कमरेच्या खाली होती.

२७ डिसेंबर

वह्या पिशवीत ठेवल्या. काढल्या. परत ठेवल्या. मोरपंखी साडी नेसणार होते, मंग वाटलं भांडायला जाताना कशाला एवढी चांगली साडी. तरी तीच इस्त्री केली.

२८ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहिते, न्हाईतर उद्या मलाच खरं वाटणार न्हाई.

जाफराबादच्या स्टँडवर उतरले तर बबलू स्वागताला, फेटा बांधून. शाळेला रंग दिलाय, आमचा वर्ग आता कॉम्प्युटरची खोली. सर पुढं खुर्चीवर बसलेले, वाळून गेलेत, कानाला मशीन. माझी नजर सगळ्या बायकांवरून फिरत होती आणि ती मला सापडंना. मागून कुणीतरी माझा पदर ओढला.

केस मानेपर्यंत कापलेले, अर्धे पांढरे. जाड चष्मा. मी ओळखलंच नसतं, पण तिनं ओठ हलवले आणि शब्द बाहेर यायला वेळ लागला, तेव्हा ओळखलं. मला राग यायला पाहिजे होता. मी तिला मिठी मारली आणि सोडायचंच विसरले. ती म्हणली, "मह्या, लोक बघून राह्यलेत." मह्या म्हणणारी तीच एक.

भाषणं झाली. जेवणाच्या आधी ती मला शाळेच्या मागं नळाजवळ घेऊन गेली. तिला काहीतरी बोलायचं होतं, मलाही. मी पिशवीत हात घातला, वही धरली, तेवढ्यात तिनं सुरुवात केली.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास," ती म्हणली.

मी धरलेली वही पिशवीतच सोडली.

"मला सापडला होता. मी तुला सांगितलं न्हाई. माझं लग्न तेव्हाच ठरल्यात जमा होतं, घरात बोलणी चालू होती. म्हटलं, हा संपला की तू येणार न्हाईस. तेवढ्या दुपारी तरी मिळू दे. रोज ठरवायचे आज सांगू. तू यायचीस, पाटी काढायचीस आणि मला सांगवायचं न्हाई. तू लग्नाला आली न्हाईस तेव्हा वाटलं, तुला कळलं असंल."

मी म्हणले, "मला महिन्याभरापूर्वी कळलं."

ती चष्मा काढून पुसायला लागली. "कधीकधी जीव घाबरतो. म्हटलं, मी सांगितलं असतं तर सरांनी तुझ्यासाठी काही केलं असतं का? तुझं काही नुकसान तर न्हाई ना झालं माझ्यापायी? खरं सांग."

पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं. तिच्याकडं बघितलं. तिचे दोन्ही हात चष्म्यावर होते आणि चष्मा कधीचा पुसून झाल्ता.

"न्हाई गं," मी म्हणले. "एका आकड्यानं काय नुकसान होणार? अब्बा कुणाचं ऐकणारे होते का?"

तिनं असा श्वास सोडला की मला कळलं, हा तिनं लई वर्षं धरलेला होता.

तेवढ्यात काठी टेकत सर आले, हात धुवायला. मला बघितलं, डोळे बारीक केले. "महजबीन ना? तुझ्या घरी यायचं राह्यलं माझं. नजीरभाईंशी..."

मी जोरात म्हणले, "हो सर, गादी भरून घ्यायची होती तुम्हाला अब्बाकडून. राह्यलीच ती."

सर माझ्याकडं बघत राह्यले. कानाचं मशीन नीट केलं. मंग ज्योत्स्नाकडं बघितलं, परत माझ्याकडं. "हां," ते म्हणले. "गादी. राह्यली खरी."

मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, आकडा फुटला, दोघींनी मिळून फोडला. केवढ्यानं, त्यांनी विचारलं. ज्योत्स्नानं सांगितलं. सर म्हणले, "उशीर केलात." आणि दोघींच्या डोक्यावर हात ठेवला.

पाच वाजता तिची गाडी. काचेतून हात बाहेर काढून तिनं माझा हात धरला, गाडी सुरू झाली तरी धरलेला, तिचा नवरा म्हणला, अगं, सोड त्यांना. फोन नंबर घेतलाय. फोन करीन म्हणली.

२९ डिसेंबर

गजालाचा सकाळीच फोन. "सांगितलं का तिला, अम्मी?" म्हणले, काय सांगायचं होतं? वह्या पिशवीतून न काढताच पेटीत ठेवल्या.

तिला सांगितलेलं खोटं होतं, ते निदान इथं तरी खरं लिहिते. नुकसान झालं. लई झालं. जालन्याच्या कॉलेजवरून बस जाते तेव्हा मी अजूनही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघते. आणि तरी रोज एका भागाकाराच्या त्या दुपारी कुणी परत मागायला आलं, तर मी देणार न्हाई, एकपण देणार न्हाई. कॉलेजपण पाहिजे होतं, आणि ती ओसरीपण. मला दोन्ही पाहिजे होतं.

सुताराची बायको आली. ब्लाऊज द्यायचाय.